सिद्धटेक

सिद्धटेक हे महाराष्ट्र राज्याच्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातील एक गाव आहे. ते भीमा नदीच्या उत्तर तीरावर वसले असून येथील सिद्धिविनायक मंदिर अष्टविनायकांपैकी एक आहे. अष्टविनायकांतील हे जिल्ह्यातील एकमेव स्थान होय. बाहेरच्या लोकांना गावाची ओळख मंदिरामुळे आहे. परंतु गावाचा इतिहास, शेती, दळणवळण आणि अडचणी या बहुतांशी नदीशी निगडित आहेत. भीमा ही येथे जिल्ह्याची सीमा आहे, गावाचा उतार आहे आणि १९८० नंतर ती काही अंशी धरणाचा जलाशयही झाली आहे.

नाव व आख्यायिका

गावाच्या नावात 'सिद्धी' आणि 'टेक' असे दोन शब्द आहेत. टेक म्हणजे लहान टेकडी. मंदिर या टेकडीवर असून तिच्याभोवती बाभळीची झाडी आहे.

गाणपत्य परंपरेतील कथेनुसार सृष्टीच्या आरंभी मधु व कैटभ हे दैत्य उत्पन्न झाले. विष्णूने त्यांच्याशी दीर्घकाळ युद्ध केले, पण त्याला यश येईना. युद्धापूर्वी गणेशाचे स्मरण न केल्यामुळे असे घडले, असे शंकराने त्याला सांगितले. तेव्हा विष्णूने या टेकडीवर गणेशाची आराधना केली, त्याला सिद्धी प्राप्त झाली आणि दैत्यांचा वध झाला. विष्णूने येथे मंदिर उभारले, ते कालौघात नष्ट झाले आणि पुढे एका गुराख्याला दृष्टान्त होऊन मूर्ती सापडली, असा कथेचा उत्तरार्ध आहे. गुराखी किंवा गाय यांच्यामुळे देवाचा शोध लागल्याच्या कथा महाराष्ट्रातील अनेक ग्रामदैवतांविषयी सांगितल्या जातात. पुराणातील देव आणि गावातील माणूस यांची गाठ अशा कथांत पडते, आणि सिद्धटेकही त्याला अपवाद नाही.

व्यासांनी येथे यज्ञ केला, अशीही श्रद्धा आहे. चिंचवडचे मोरया गोसावी आणि केडगाव (बेट) येथील नारायण महाराज यांनी या स्थानी उपासना केल्याचे परंपरा सांगते.

भौगोलिक स्थान

सह्याद्रीत उगम पावलेली भीमा पुणे जिल्हा ओलांडून दौंडजवळून पुढे येते. सिद्धटेकजवळ तिचा प्रवाह दक्षिणेकडे वळतो, म्हणून येथे ती 'दक्षिणवाहिनी' म्हणून पवित्र मानली जाते. नदीला कितीही पूर आला तरी देवाच्या पायथ्याशी पाण्याचा आवाज होत नाही, असे भाविक सांगतात.

नदीच्या पलीकडच्या तीरावर दौंड तालुक्यातील शिरापूर हे गाव आहे. शिरापूर पुणे जिल्ह्यात आणि सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात अशी ही वाटणी असल्याने गावाच्या दैनंदिन व्यवहाराला एक वेगळेच वळण मिळाले आहे. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन सुमारे १९ किमी अंतरावर आहे. तालुक्याचे ठिकाण कर्जत त्याहून बरेच दूर, तर जिल्ह्याचे मुख्यालय आणखी लांब उत्तरेला आहे. सातबारा, दाखले आणि निवडणुका यांसाठी गाव कर्जतशी बांधलेले. रेल्वे आणि मोठी बाजारपेठ यांसाठी मात्र जवळचे शहर नदीपलीकडच्या दुसऱ्या जिल्ह्यात. पुण्याहून येणारे बहुतेक यात्रेकरूही दौंडमार्गेच येतात.

कर्जत तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. पाऊस थोडा आणि लहरी असतो. तालुक्याच्या पूर्वेकडील बाजूस सीना आणि दक्षिणेस भीमा अशा दोन नद्या असल्या तरी मधला मोठा भाग माळरानाचा आहे. तेथे बाजरी, हुलगा, मटकी आणि रब्बीची ज्वारी ही परंपरागत पिके होत. नदीकाठची काळी जमीन आणि आतला मुरमाड माळ यांतील फरक तालुक्यात फिरताना सहज नजरेत भरतो. सिद्धटेक, जलालपूर, दुधोडी, भांबोरे, गणेशवाडी, खेड ही भीमाकाठची गावे या दृष्टीने उर्वरित तालुक्यापेक्षा वेगळी आहेत.

इतिहास

सिद्धटेकच्या वरच्या अंगाला, भीमेच्याच काठी पेडगाव आहे. ते श्रीगोंदे तालुक्यात मोडते. तेथील लक्ष्मीनारायण आणि इतर मंदिरे यादवकाळातील असून भीमेचे हे खोरे तेव्हाही नांदते होते याची ती साक्ष देतात. मोगल सरदार बहादूरखान कोकलताश याने सतराव्या शतकात पेडगावच्या किल्ल्यावर तळ दिला आणि किल्ल्याला बहादूरगड हे नाव पडले. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वर येथे पकडले गेलेले छत्रपती संभाजी महाराज व कवी कलश यांना औरंगजेबासमोर येथेच आणण्यात आले. आता हा किल्ला धर्मवीरगड म्हणून ओळखला जातो. भीमेचा हा पट्टा त्या काळात फौजांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर होता. अशा मुलखात नदीकाठच्या लहान गावांना सैन्याच्या तळाचा, चारा-दाण्याच्या मागणीचा आणि उजाड होण्याचा अनुभव वारंवार येत असे.

सिद्धटेकचे आजचे रूप अठराव्या शतकात घडले. पेशव्यांच्या गणेशभक्तीमुळे आणि चिंचवड देवस्थानाला मिळालेल्या राजाश्रयामुळे मोरगाव, थेऊर, रांजणगाव, सिद्धटेक या स्थानांना त्या शतकात महत्त्व आले. सिद्धटेकचे मंदिर मात्र पेशव्यांनी बांधलेले नाही. ते इंदूरच्या अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी बांधले. काशी, सोमनाथ, गया अशा दूरच्या तीर्थांवर त्यांनी केलेली बांधकामे प्रसिद्ध आहेत. त्यांचा जन्म चौंडी या गावी झाला. ते आज कर्जतला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात आहे. म्हणजे सिद्धटेकचे मंदिर हे माळव्याच्या राज्यकर्तीने आपल्या माहेरच्या मुलखात केलेले काम होते. होळकरांच्या खासगीच्या उत्पन्नातून अहिल्याबाईंनी धर्मकार्ये केली. राज्याच्या दौलतीपासून हे उत्पन्न वेगळे धरले जाई. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचे नाव देण्यात आले.

दुसरे नाव हरिपंत फडके यांचे. सवाई माधवरावांच्या काळातील हे पेशव्यांचे प्रमुख सेनानी आणि नाना फडणीसांचे विश्वासू सहकारी होते. त्यांनी येथे नगारखाना बांधला आणि मंदिराकडे जाणारा फरसबंदी मार्ग तयार केला. त्यामागची कथा गावात आवर्जून सांगितली जाते. हरिपंतांचे सेनापतिपद गेले, तेव्हा ते सिद्धटेकला आले आणि त्यांनी टेकडीला रोज एक याप्रमाणे २१ दिवस २१ प्रदक्षिणा घातल्या. एकविसाव्या दिवशी दरबाराकडून बोलावणे आले आणि त्यांना पद परत मिळाले. पहिल्या मोहिमेत जो किल्ला जिंकीन त्याचे दगड आणून वाट बांधीन, असे त्यांनी देवाला सांगितले होते. त्यानुसार बदामीच्या किल्ल्याचे दगड आणले गेले.

या कथेतील बदामीचा भाग इतिहासाशी जुळतो: टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत मराठ्यांनी मे १७८६ मध्ये बदामी जिंकली आणि त्या मोहिमेत हरिपंत होते. पद जाण्याचा आणि एकवीस प्रदक्षिणांचा भाग मात्र परंपरेचा आहे. तो ऐतिहासिक घटनाक्रम म्हणून न घेता, टेकडीला प्रदक्षिणा घालण्याच्या प्रथेचे लोकांनी दिलेले स्पष्टीकरण म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते. हरिपंतांचा या गावाशी संबंध नगारखाना आणि वाट एवढ्यापुरता नव्हता. श्रीरंगपट्टणच्या १७९२ च्या तहानंतर परतलेल्या या सेनानीचे १७९४ मध्ये सिद्धटेक येथेच निधन झाले. त्याच वर्षी महादजी शिंदेही वारले, आणि पुढच्या वर्षी अहिल्याबाई.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतरच्या शतकात गावाच्या वाट्याला आले ते तालुक्यातील इतर गावांप्रमाणेच रोख सारा, सावकारी आणि दुष्काळ. रयतवारी पद्धतीत सारा रोखीने आणि ठरलेल्या मुदतीत भरावा लागे. पीक बुडाले तरी हप्ता चुकत नसे, म्हणून शेतकरी सावकाराकडे जाई आणि जमीन गहाण पडे. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, तेव्हा पत वाढली. भाव कोसळल्यावर कर्ज तेवढे शिल्लक राहिले. १२ मे १८७५ रोजी भीमेच्या दक्षिणेकडील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत हे तालुके त्यात होते. उठावाचे लक्ष्य सावकाराचा जीव नव्हे, तर त्याच्याकडील कर्जरोखे होते. बहुतेक ठिकाणी ते हिसकावून जाळण्यात आले. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला.

दरम्यान १८७६–७८ चा मोठा दुष्काळ येऊन गेला होता. दौंड–मनमाड लोहमार्ग याच काळात, १८७८ मध्ये सुरू झाला. पुण्याहून येणारा लोहमार्ग १८५८ मध्येच भीमेच्या खोऱ्यात पोहोचला होता. त्यामुळे दौंड हे जंक्शन झाले आणि सिद्धटेकच्या यात्रेची दिशाही ठरली: रेल्वेने दौंड, तेथून बैलगाडीने किंवा पायी शिरापूर, आणि नावेने सिद्धटेक.

मंदिर

मंदिर काळ्या पाषाणाचे आणि उत्तराभिमुख आहे. गाभारा सुमारे १५ फूट उंच व १० फूट रुंद आहे. मूर्ती स्वयंभू मानली जाते; ती सुमारे ३ फूट उंच आणि अडीच फूट रुंद असून मांडी घालून बसलेली आहे, मांडीवर सिद्धी आहे. मूर्तीभोवती पितळी मखर असून बाजूला जय-विजय आहेत. मंदिरात शिवपंचायतन आणि शिवाई देवीचेही स्थान आहे.

अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा हा एकमेव गणपती मानला जातो. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक असते, त्याच्या उपासनेत हयगय चालत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. यामुळे येथील पूजेच्या शिस्तीविषयी भाविकांत विशेष आदर आढळतो.

मंदिराच्या भिंतीला लागून प्रदक्षिणेचा मार्ग नाही. प्रदक्षिणा घालायची तर संपूर्ण टेकडीला वळसा घालावा लागतो. झाडी, काटे, खडक आणि नदीकाठ यांतून जाणारी ही वाट आहे. घाईत आलेले यात्रेकरू ती टाळतात. नवस बोललेले, परिसरातील गावकरी आणि सलग एकवीस दिवसांचा नेम धरणारे मात्र ती चालतात.

बाहेरचा सभामंडप मूळचा बडोद्याच्या मैराळ यांनी बांधलेला होता. तो १९३९ मध्ये मोडला आणि १९७० मध्ये पुन्हा उभारण्यात आला. मधली तीस वर्षे देवासमोरचा मंडप नव्हता. संस्थानिक आणि सरदार यांचा आश्रय आटल्यावर लहान गावांतील देवस्थानांची जी अवस्था झाली, तिची कल्पना या एका तपशिलावरून येते.

गावगाडा आणि देवस्थान

मंदिराचा कारभार चिंचवड देवस्थान न्यासाकडे आहे. मोरगाव आणि थेऊर येथील मंदिरेही याच न्यासाच्या व्यवस्थेखाली आहेत. मोरया गोसावी यांच्या वंशातील 'देव' घराण्याला मोगल, छत्रपती आणि पेशवे यांच्याकडून मिळालेल्या सनदा व इनामे यांवर हे संस्थान उभे राहिले. या व्यवस्थेमुळे सिद्धटेकला एक वेगळी स्थिती प्राप्त झाली. देव गावात, पण त्याचा कारभार गावाबाहेरच्या संस्थानाकडे. ज्या गावात ग्रामदैवताचे मानकरी, पुजारी आणि पंच सगळे गावचेच असतात, तेथील यात्रा-कमिटी आणि येथील व्यवस्था यांत त्यामुळे फरक राहतो.

गावगाड्याची रचना मात्र दख्खनच्या इतर गावांसारखीच होती. पाटील वसुली व बंदोबस्त पाही, कुलकर्णी दप्तर ठेवी, आणि सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग हे बलुतेदार आपापल्या कामाच्या बदल्यात सुगीच्या वेळी धान्य घेत. हा व्यवहार परस्परावलंबनाचा होता, पण समतेचा नव्हता. गावकामाचा सर्वांत मोठा भार महार वतनदारांवर होता आणि त्यांना वस्ती मात्र गावकुसाबाहेर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतन रद्द करण्याची मागणी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून लावून धरली ती याच कारणासाठी. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, आणि १ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली.

वतने गेली, तरी देवस्थान इनामे राहिली. ज्या जमिनींच्या उत्पन्नावर देवाचा दिवाबत्ती, पूजा व नैवेद्याचा खर्च चालवायचा, त्या जमिनी शासनाच्या नोंदीत 'वर्ग ३' म्हणून स्वतंत्र राहतात. त्या सहजी विकता येत नाहीत आणि कसणाऱ्याच्या नावावरही होत नाहीत. महाराष्ट्रातील मंदिरांच्या गावांत जमिनीच्या वादांचे हे एक जुने कारण आहे.

कर्जत तालुक्यात मराठा आणि धनगर समाजांची संख्या लक्षणीय आहे. माळरानावर मेंढपाळी पूर्वापार चालत आली. पावसाळ्यानंतर शेतात मेंढरे बसवून खत घेण्याची पद्धत शेतकरी आणि मेंढपाळ दोघांच्याही सोयीची होती. बागायत वाढली तशी चराऊ जमीन कमी झाली आणि या व्यवहारालाही ओहोटी लागली.

नदी, नाव आणि पूल

सिद्धटेकच्या दळणवळणाचा इतिहास म्हणजे मुख्यतः नावेचा इतिहास. भीमेवर पूल होण्यापूर्वी शिरापूरच्या काठावर उतरून नावेने पलीकडे यावे लागे. उन्हाळ्यात, धरणे नव्हती तेव्हा, नदी उतारातून चालत ओलांडता येई. पावसाळ्यात मात्र सगळे नावाड्यावर अवलंबून. भीमेच्या खोऱ्यात नाव चालवणे, पाणी भरणे आणि मासेमारी ही कामे कोळी व भोई समाजांकडे असत. गावकऱ्यांकडून त्यांना धान्याच्या रूपाने मोबदला मिळे, तर परक्या वाटसरूकडून रोख उतारू.

पुराच्या दिवसांत नाव बंद झाली की गाव दौंडच्या बाजूने तुटत असे. मग रुग्ण असो की बाळंतीण, राशीन किंवा कर्जतकडचा लांबचा रस्ता धरण्यावाचून पर्याय नसे. यात्रेकरूंच्या दृष्टीने नावेतून दिसणारे टेकडीवरचे शिखर हा सिद्धटेकच्या दर्शनाचा भाग होता. गावकऱ्यांच्या दृष्टीने तीच नाव अडचणीची होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

शिरापूर आणि सिद्धटेक यांना जोडणारा पूल झाल्यावर हे चित्र पालटले. वाहने थेट मंदिराच्या पायथ्याशी येऊ लागली. ऊस, दूध आणि भाजीपाला दौंडकडे नेणे सोपे झाले. नावा आता मुख्यतः नौकाविहारासाठी आणि मासेमारीसाठी वापरल्या जातात.

उजनीचा फुगवटा

गावाच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल गावापासून बराच खाली, सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात झाला. तेथे भीमेवर उजनी धरण बांधण्यात आले. ते १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर हे त्याच्या जलाशयाचे नाव. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट (टीएमसी) असून त्यातील निम्म्याहून अधिक साठा मृत आहे, म्हणजे तो कालव्यांनी सोडता येत नाही. भूभाग सपाट असल्याने पाणी खोलीपेक्षा लांबीत पसरले. इंदापूर, करमाळा, दौंड आणि कर्जत या तालुक्यांतील नदीकाठची अनेक गावे व शेते पाण्याखाली गेली. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातील लाभक्षेत्रात जमिनी देण्याचे धोरण होते. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला राज्य कायदा १९७६ चा, म्हणजे धरणाचे काम सुरू होऊन बरीच वर्षे लोटल्यानंतरचा.

जलाशय भरला की फुगवट्याचे पाणी सिद्धटेकच्या परिसरापर्यंत पोहोचते. त्याचे परिणाम दुहेरी आहेत. नदीकाठच्या शेतकऱ्यांनी वीजपंप आणि जलवाहिन्या टाकून पाणी उचलले आणि ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. ऊस आला, मागोमाग साखर कारखान्यांच्या टोळ्या आल्या. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाथर्डी, जामखेड आणि बीडकडील ऊसतोड कामगार बैलगाड्या व ट्रॅक्टर घेऊन भीमाकाठी येतात, उसाच्या फडांजवळ खोप्या घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यामुळे वर्षातील चार-पाच महिने नदीकाठच्या या गावांची लोकसंख्याच बदललेली असते. या मजुरांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न जसा त्यांच्या मूळ गावांचा आहे, तसाच तो येथलाही आहे.

दुसरी बाजू उन्हाळ्यात दिसते. उजनीचा साठा 'उणे' झाला, म्हणजे मृत साठ्याच्या खाली उतरला, की फुगवटा मागे सरकतो. काठावरचे पंप कोरडे पडतात. शेतकरी चर खणतात, पाइप वाढवतात, मोटारी पात्रात आणखी आत नेतात. टंचाईच्या वर्षी पिण्याच्या पाण्यासाठी नदीकाठचा वीजपुरवठा काही तासांवर आणला जातो, आणि उभ्या उसाला पाणी द्यायचे की सोलापूरसारख्या शहरांसाठी राखायचे, हा वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो. ज्यांची जमीन धरणाने घेतली त्यांना धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क असावा, असे काठावरच्या शेतकऱ्यांचे म्हणणे आहे. सिंचन प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात मात्र लाभक्षेत्र धरणाच्या खाली आहे, वर नाही.

पावसाळ्यात याच काठावर उलटी धास्ती असते. पुणे परिसरातील खडकवासला, पवना, मुळशी, चासकमान, भामा-आसखेड इत्यादी धरणांतून सोडलेले पाणी दौंडमार्गे खाली येते. 'दौंडचा विसर्ग' हा आकडा वृत्तपत्रांत रोज छापला जातो. उजनीखालील शेतकरी तो धरण भरण्याच्या आशेने वाचतात, सिद्धटेक-शिरापूरचे लोक काठावरील पंप आणि वस्ती यांच्या काळजीने. मोठ्या पुरात तो एक लाख क्युसेकच्या पुढे जातो.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या प्रतीचाही प्रश्न आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा नदीतून रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. ते सिद्धटेकच्या वरच्या बाजूला आहे. पात्र संथ झाल्याने जलपर्णी वाढते. पूर्वी जी दक्षिणवाहिनी नदी यात्रेकरूंच्या स्नानाची होती, तिच्या पाण्याबद्दल काठावरच्या गावांना आता पिण्यापूर्वी विचार करावा लागतो. याखेरीज भीमेच्या पात्रातील बेकायदा वाळूउपसा हा दौंड, श्रीगोंदे आणि कर्जत या तिन्ही तालुक्यांचा प्रश्न आहे. नदीच जिल्ह्यांची सीमा असल्याने एका काठावर कारवाई सुरू झाली की यांत्रिक बोटी दुसऱ्या काठाला लागतात.

उत्सव आणि वर्षाचा क्रम

भाद्रपद आणि माघ या दोन महिन्यांतील गणेशोत्सव हे गावाचे मोठे सण आहेत. भाद्रपदात गणेश चतुर्थीच्या आणि माघात गणेश जयंतीच्या निमित्ताने देवाची पालखी निघते आणि यात्रा भरते. याशिवाय विजयादशमी आणि सोमवती अमावास्या या दिवशीही गर्दी असते. दर महिन्याच्या संकष्टी व विनायकी चतुर्थीला परिसरातील लोक येतात. अंगारकी चतुर्थीला ही संख्या कैक पटींनी वाढते.

तालुक्याच्या धार्मिक जीवनात सिद्धटेक एकटे नाही. राशीनची जगदंबा (यमाई) आणि तेथील हलणारी दीपमाळ, तसेच कर्जत येथील संत गोदड महाराज यांचा आषाढ वद्य एकादशीचा रथोत्सव, ही इतर मोठी स्थाने होत. आषाढी वारीसाठी त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी मिरजगाव, कर्जत या मार्गाने पंढरपूरकडे जाते. भीमाकाठच्या कुटुंबात गणपतीचा नेम, देवीचे नवरात्र आणि पंढरीची वारी या तिन्ही गोष्टी एकत्र नांदताना दिसतात. दख्खनच्या ग्रामजीवनात पंथभेद असा क्वचितच काटेकोर पाळला गेला.

यात्रेचे बदलते रूप

अष्टविनायकांची एकत्रित यात्रा ही कल्पना जुनी असली तरी ती सर्वसामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. एसटी महामंडळाच्या सहली आणि १९७९ चा 'अष्टविनायक' हा मराठी चित्रपट यांचा त्यात मोठा वाटा होता. परंपरेप्रमाणे मोरगावनंतर सिद्धटेक हे दुसरे स्थान. यात्रेचा शेवट पुन्हा मोरगावच्या दर्शनाने करावा असा संकेत आहे. प्रत्यक्षात दोन दिवसांत आठ स्थाने आटोपणाऱ्या गाड्या अंतराच्या सोयीने क्रम लावतात.

यात्रेने गावाला रोजगार दिला. नारळ, हार, दूर्वा, प्रसादाची दुकाने, भोजनालये आणि वाहनतळ यांवर अनेक घरे चालतात. मात्र नाव होती तेव्हा यात्रेकरूला गावात मुक्काम करावा लागे. पूल झाल्यानंतर तो तासाभरात परत फिरतो. त्यामुळे गर्दी वाढली तरी गावात थांबणारा पैसा त्याच प्रमाणात वाढत नाही. सुटीच्या दिवशी रस्ते, पाणी, स्वच्छतागृहे आणि कचरा यांचा ताण एका लहान ग्रामपंचायतीवर पडतो. अष्टविनायक मंदिरांच्या जतनासाठी व सुविधांसाठी राज्य शासनाने हाती घेतलेल्या आराखड्यात सिद्धटेकचा समावेश आहे.

प्रशासन

गावाचा स्थानिक कारभार ग्रामपंचायतीमार्फत चालतो. गाव कर्जत पंचायत समिती आणि अहिल्यानगर जिल्हा परिषद यांच्या क्षेत्रात, तसेच कर्जत-जामखेड विधानसभा मतदारसंघात येते. रेल्वेने येणाऱ्यांस दौंड हे सोयीचे स्थानक आहे. तेथून शिरापूरमार्गे रस्ता आहे. कर्जत व राशीनकडूनही रस्त्याने पोहोचता येते.

परिसर

पेडगावचा धर्मवीरगड व तेथील मंदिरे सिद्धटेकपासून जवळ आहेत. कर्जतजवळील रेहेकुरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेले काळवीट अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किमी असून माळरानाचे मूळ स्वरूप कसे होते ते पाहण्यास ते उपयुक्त ठरते. भीमेच्या खालच्या अंगाला भिगवण-कुंभारगावच्या परिसरात उजनीच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी येतात; तेथील नावाडी पक्षिनिरीक्षकांना पाण्यात घेऊन जातात.